वखारआळीची शीव

४ डिसेंबर

आले एकदाची कोंडबंदरला. रत्नागिरीहून एसटीला दीड तास सांगितला होता, अडीच लागले. पण खाडीकडेचा शेवटचा रस्ता असा, की आणखी तासभर लागला असता तरी तक्रार नव्हती. सोलापूरच्या माणसाला एवढं पाणी एकदम दिसलं की उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटतं.

नगरपंचायतीच्या विकास आराखड्याला जुन्या वास्तूंची यादी जोडायची आहे, ती मी करायची. कोणती घरं राखायची, कोणत्या नियमांनी, वारसा परिसराची हद्द कुठून कुठपर्यंत, हे सगळं मी ठरवायचं. ‘मी ठरवायचं’ लिहिताना हात अडखळला. दुसऱ्याला त्याच्याच घराला हात लावू नको असं सांगण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला, हा प्रश्न प्रत्येक गावात पहिल्या दिवशी पडतो. पडावाच.

राहायची सोय वखारआळीतच झाली. गलबतं लागत होती तेव्हा ही व्यापाऱ्यांची आळी होती. एक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना जांभ्या चिऱ्याची घरं, खाली वखार आणि वर राहणं, पुढं लाकडी खांबांच्या पडव्या. एका टोकाला वाघजाईचं देऊळ, दुसऱ्या टोकाला ओढ्यावरचा साकव. साकवापलीकडे बाजार, नगरपंचायत आणि बाकीचं गाव. माझ्या घरमालकीण गंगाकाकी एकट्याच असतात, बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद त्यांनी लपवला नाही. जेवायला तिसऱ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं, सुकं होतं. मी तीनदा भात घेतला.

१८ डिसेंबर

देवळात आळीची बैठक झाली. सोबत नगरपंचायतीची कनिष्ठ अभियंता दीक्षा होती. तिशीची, चटपटीत, पलीकडच्या बौद्धवाडीत राहते, मोजमापात माझ्याहून पक्की. मी नियम समजावले. पहिल्या श्रेणीतल्या वास्तूत आतला-बाहेरचा कसलाही बदल नाही. दुरुस्ती करायची ती जुन्यासारखीच.

लोक ऐकून घेतात आणि मग टोला हाणतात. एकानं विचारलं, म्हंजे मॅडम, आमी आता काचेच्या पेटीतले भावले काय? दुसरा म्हणाला, ऱ्हावू दे रे, भावल्यांना घरपट्टी माफ असंल. सगळे हसले, मीही. पण मागून एक म्हातारा म्हणाला की त्याचा मुलगा मुंबईहून परत आला तर त्याला वरचा मजला लागेल, तेव्हा काय करायचं. मी ‘नियमात तरतूद बघू’ म्हणाले. हे उत्तर नव्हे, हे त्यालाही कळलं.

२ जानेवारी

गंगाकाकींची मुलगी रसिका पहिल्या बाळंतपणाला आली आहे. नवरा विनीत मुंबईला एका कुरियर कंपनीत. तो तिला सोडून दुसऱ्याच दिवशी परत गेला. वार, म्हणजे प्लासेंटा, खाली आहे म्हणून रत्नागिरीच्या डॉक्टरांनी प्रवास आणि दगदग बंद केली आहे. साकवापर्यंतसुद्धा जायचं नाही. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख आहे. उपकेंद्रातली सिस्टर घरी येऊन तपासते.

रसिका पडवीत आरामखुर्चीत पडून असते आणि माझ्या नकाशांची चेष्टा करते. ताई, आमच्या न्हाणीघराला कुठली श्रेणी? पोटातलं लाथ मारतं तेव्हा माझा हात ओढून नेते. मला मूल नाही. हात लगेच काढून घ्यावा की ठेवावा, हे मला कधीच कळत नाही.

९ जानेवारी

आज फार चांगला दिवस. लोकांचा संशय जावा म्हणून नगराध्यक्षांनी सुचवलं होतं की देवीला गाऱ्हाणं घालू आणि माझ्या हद्दीवरून, देवळापासून साकवापर्यंत, शीव बांधू. इकडे कुठल्याही कामाआधी गुरव देवीपुढे सगळ्यांच्या वतीनं मागणं मांडतो आणि लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. शीव बांधणं म्हणजे हद्दीच्या कोपऱ्यांवर नारळ पुरून, आतलं सगळं देवीच्या स्वाधीन करणं.

भागोजी गुरवांनी आधी मला म्हणून दाखवलं. आळीची राखण कर, आणि झाडाला फळ दे, पोटाला पोर दे, परदेशी गेल्याला घर दे, घरावर घर चढू दे. मला तो शेवटचा भाग खटकला. उद्या कुणी म्हणेल, देवीपुढे मजला कबूल केलात. मी नम्रपणे सुचवलं की मागण्यांचा भाग गाळावा आणि नियमात आहे तेवढंच म्हणावं: आज जे जसं आहे ते तसंच राहो, आत-बाहेर काही बदलू नये. भागोजींनी हातातला नारळ खाली ठेवला. मग म्हणाले, बाय, गाऱ्हान्यात मागनं लागतं. नुसतं धरून ठेव सांगितलं, तर देवी धरूनच ठेवंल. मी म्हटलं, तेच तर हवंय. नगराध्यक्षांनीही मान डोलावली.

दीक्षा देवळाबाहेर थांबून फोटो काढत होती. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली हे सगळं सोडलं, म्हणाली, पण ताई, साइटवर काम करणाऱ्यानं मिस्त्रीचं ऐकावं, नाही का? मी हसले.

पूर्ण आळीनं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं. अंगावर काटा आला. आनंदाचा.

१ फेब्रुवारी

गंमत झाली. गंगाकाकींची कोंबडी जानेवारीच्या सुरुवातीला अंड्यांवर बसली होती. दिवस भरून गेले तरी पिल्लं नाहीत. अंडी कुजली असणार म्हणून काकींनी एक काढून माझ्या हातात दिलं, ऑफिसला जाताना ओढ्यात टाका. साकव ओलांडला आणि अंडं तळहातात हललं. मी घाबरून थांबले, तर कवच तडकलं आणि एक ओलं, चिडलेलं पिल्लू बाहेर आलं. ऑफिस राहिलं बाजूला, तशीच परत आले. रसिकानं हसून हसून पोट धरलं आणि काकींची बोलणी खाल्ली. उरलेली अंडी कोंबडीखालीच राहू दिली. येतील आज-उद्या.

२० फेब्रुवारी

यादीला मंजुरी मिळाली. एकही हरकत आली नाही. पूर्वी कुठेच असं झालं नव्हतं.

उरलेली अंडी फुटली नाहीत. कोंबडी उठत नाही. ते पिल्लू मात्र मजेत आहे, कण्या टिपतं, पण वाढत नाही. कालच अंड्यातून आल्यासारखं पिवळं.

मागीलदारच्या आंब्याला अजून मोहोर आहे. साकवापलीकडच्या झाडांना केव्हाच कैऱ्या धरल्या. भागोजींना विचारलं, तर त्यांनी झाडाकडे पाहिलं आणि ते तडक देवळात गेले. मी याला काही अर्थ देत नाहीये. फक्त नोंदते आहे. आठवडाभर घरी बसून अहवाल लिहिला, तेवढ्यात नखं कापावी लागली नाहीत. आणि काल साकव ओलांडला तेव्हा बोटांची टोकं एकदम शिवशिवली. संध्याकाळी पाहिलं तर नखं वाढलेली. थकवा असेल. चाळिशीनंतर शरीर काहीही करतं.

१४ मार्च

शिमगा. साकवापलीकडच्या ग्रामदेवीची पालखी घरोघरी फिरते. आज साकवाशी आली आणि थांबली. खांदेकरी म्हणाले, जड झाली, उचलत नाही. चारदा माणसं बदलली. शेवटी तिथूनच आरती करून पालखी मागे फिरवली. वखारआळीत पालखी आली नाही असं कधी झालेलं नाही, असं काकी म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

सिस्टर म्हणाली, पोट नऊ महिन्यांचं दिसत नाही, जानेवारीत भरलं होतं तेवढंच भरतं, तारीख चुकली असेल. फोनवर डॉक्टरही म्हणाले, मग थांबा, वार खाली असताना उगाच प्रवास नको.

रसिका म्हणाली, ताई, एक सांगू? ह्याची लाथ रोज तीच. त्याच जागी, तेवढीच. काल मारलेलीच परत मारतो असं वाटतं.

मी हात ठेवला. जानेवारीत ठेवला होता तिथेच. तीच.

२२ मार्च

तारीख गेली. काकी म्हणतात, पयलटकरीन हाय ती, मागंपुढं व्हतं. त्या रोज बाजाराला साकवापलीकडे जातात. मी ऑफिसला जाते. आळीतले सगळेच कुठे ना कुठे जातात. आपलं थांबलेलं आम्ही रोज बाहेर जाऊन भरून आणतो, म्हणून आम्हाला कळत नाही. आत राहिलं ते कोण? झाड, कोंबडी, पिल्लू.

रसिका.

हे वाक्य लिहून मी वही मिटली होती. पुन्हा उघडली. मी शिकलेली बाई आहे. एका ओळीच्या गाऱ्हाण्यानं गर्भ थांबत नाही. थांबत नाही, हे मला कुणीतरी सांगावं.

२८ मार्च

दीक्षाला सगळं सांगितलं. हसेल वाटलं होतं. ती म्हणाली, विश्वास नाही माझा, पण तपासून बघू. कोंबडीखालचं एक अंडं घेतलं. अंडं उबदार, नेहमीसारखं. साकवाच्या मधोमध ते जड झालं आणि मग एकदम हलकं. पलीकडच्या कठड्यावर फोडलं.

पिल्लू पूर्ण होतं. पिसं, चोच, दुमडलेले पाय. कवचाच्या आकारात घट्ट बसलेलं, वाळलेलं. बाहेर पडायला त्याला वेळच मिळाला नाही. सगळे दिवस एकदम अंगावर आले.

फेब्रुवारीतलं जगलं. कारण तेव्हा दिवस नुकतेच भरले होते.

दीक्षा माझ्याकडे बघत होती. म्हणाली, ताई, आठवडाच वर झालाय. आजच काढा तिला. रिक्षा मी आणते.

आणि मी म्हणाले, थांब. खात्री करू या.

३० मार्च

खात्री कशाची? आत ठेवली तर ते मूल कधीच होणार नाही. बाहेर नेली तर सगळे दिवस एकदम पडतील, आणि वार खाली. रक्तस्राव झाला तर? ते अंड्यासारखं— नाही लिहिणार.

भागोजींना शीव सोडवायला सांगितलं. ते म्हणाले, बांधलेली शीव सोडायला देवीचा होकार लागतो. देवीच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आज सकाळी लावल्या. दुपार झाली. संध्याकाळ झाली. एकही पाकळी पडली नाही.

२ एप्रिल

पाकळ्या अजून तशाच. सुकल्यासुद्धा नाहीत. भागोजी देवीसमोर बसून आहेत. म्हणाले, बाय, ती तरी कशी बोलंल? ती पन शीवेच्या आतच हाय.

कोपऱ्यावरचे नारळ आम्ही उकरून ओढ्यात टाकले. सकाळी जागच्या जागी होते, माती चोपलेली. पडवीच्या खांबाला मी स्वतः कुऱ्हाड घातली. लिहितानाही विश्वास बसत नाही, मी, खांबाला, कुऱ्हाड. आज खांबावर ओरखडासुद्धा नाही.

ऑफिसात गेले. हद्द रद्द करा म्हणाले. नगराध्यक्षांनी कारण विचारलं. काय सांगू? ते म्हणाले, मॅडम, तुमचीच हद्द, आणि मंजूर झालेली. बदलायची तर पुन्हा पहिल्यापासून. काही महिने जातील.

५ एप्रिल

काकींना सगळं सांगितलं. त्यांनी मला खोली सोडायला सांगितलं नाही. त्यापेक्षा ते बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, माज्या पोरीला त्या साकवावरनं नेऊन मारू नका. ऱ्हवू दे आत. निदान लाथ तरी मारतंय.

विनीत मुंबईहून निघतो म्हणाला. मी म्हटलं, ये लवकर. कशाला लवकर, तेही मला माहीत नाही.

दीक्षा रोज साकवापलीकडून हाक मारते. अजून दोन आठवडेच वर झालेत, ताई. आता अडीच. तुम्ही मोजत बसा.

मी भित्री आहे की सावध? मला आयुष्यभर हे दोन शब्द एकच वाटत आले.

८ एप्रिल

ते पिल्लू. आज ते टोळामागे धावत साकवावर गेलं. रसिका पडवीतून ओरडली. मी धावले. उशीर झाला होता—

पलीकडे मेलेलं पिल्लू नव्हतं. एक लांब तंगड्यांची तलंग, जवळजवळ कोंबडीच, उभी होती. पिसं विस्कटलेली, डोळे वेडे, झोकांड्या खात. दीक्षानं तांदूळ टाकले, त्यांवर तुटून पडली. जिवंत.

जिवंत!

परत येऊन रसिकाला सांगितलं. तिनं पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, ताई, पिल्लू मोकळं होतं. रोज दाणे खात होतं. अंडं बंद होतं, त्याला कोण देणार? माझं बंद नाहीये. ते माझ्यातून खातंय.

मी म्हटलं, हे नक्की असं आपल्याला सांगता येत नाही.

ती म्हणाली, तुम्हाला कधी काय नक्की सांगता येतं?

१० एप्रिल

विनीत आला. साकवावर दोन्हीकडे हेलपाटे घालतो. बायकोजवळ बसतो, उठतो. काकी दारात आडव्या बसल्या आहेत.

रसिका शांत आहे. तीच एकटी. म्हणाली, उद्या. आणखी थांबले तर मला धीर होणार नाही. पोट माझं हाय.

मी रात्रभर स्वतःला विचारलं की तिला अडवावं का. आता वाटतं, मी विचारते तेच अडवण्यासाठी.

११ एप्रिल, सकाळ

दीक्षा पलीकडे आहे. तिनं सिस्टरला आणलंय, ॲम्ब्युलन्स उभी आहे, चादरी, गरम पाणी. दीक्षा कठड्याला धरून उभी, आमच्याकडे हात पसरून.

काकी उठल्या. त्या आपणच उठल्या, आणि रसिकाच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं.

रसिका म्हणाली, ताई, तुम्ही वही घ्या. मी म्हटलं, आत्ता कशाला? म्हणाली, तुम्ही म्हटलंत बदलू नये, ते झालं. आता बदललं म्हणून लिहा. मी चालते तोवर लिहीत राहा, थांबू नका.

भागोजी देवळाच्या पायरीवर उभे राहून ओरडताहेत. तेच गाऱ्हाणं, मी गाळलेलं, पूर्ण. झाडाला फळ दे म्हाराजा. आळी उत्तर देतेय. सगळे बाहेर आलेत. व्हय म्हाराजा.

विनीतनं तिला धरलंय. मी मागे. उभ्यानं लिहितेय, अक्षर—

पोटाला पोर दे म्हाराजा—

व्हय म्हाराजा. मीही म्हणाले. मोठ्यानं.

साकवाची पहिली फळी. काही नाही. दुसरी. ती थांबली. वळून माझ्याकडे बघतेय, लिहिते आहे ना म्हणून. लिहितेय गं, लिहितेय—

पाय टाकला. पलीकडे. तिचा हात पोटावर, आणि पोट, माझ्या डोळ्यांदेखत, भरतंय— केस सुटून पाठीवर लांब— ती किंचाळली— दीक्षानं धरली, खाली घेतली, चादर— सिस्टर ओरडतेय पाणी— चादर लाल, खूप— विनीत

मी मधल्या फळीवर. पुढं जाता येत नाही, वही सोडता येत नाही, तिनं सांगितलंय.

मूल झालं. मी लिहितेय, मूल झालं. बदललं. रसिका डोळे उघडून बघतेय, बदललं. सिस्टरच्या हातात काहीतरी निळसर, लहान, ती पाठीवर मारतेय, मारतेय. देवळातून भागोजी काहीतरी ओरडले. पाकळी. पाकळी पडली म्हणतात— कुठली? उजवी की

रडणं अजून नाही. सगळे ऐकताहेत. मूल रडलं. मी लिहितेय, मूल रडलं, मूल